सहावी फळी

मासा कोरडा ठेवायचा, एवढी एकच गोष्ट मौलाच्या बापानं जाताना त्याला सांगितली होती. शेत नव्हतं, मळा नव्हता, वाटणीचं दुसरं काही नव्हतंच. होतं ते एक दार.

लव्हाळवाडी दूधगंगेच्या काठची. गावाच्या वरच्या अंगाला सगळी खोलगट काळी जमीन. फार पूर्वी तिथं बारमाही दलदल असायची. लव्हाळ्याशिवाय काही उगवायचं नाही आणि चरायला गेलेली म्हैस रुतली तर शिंगं तेवढी दिसायची. संस्थानकाळात कुणी तरी त्या दलदलीतून नदीपर्यंत दीड मैल लांब चर खणवला, दोन नावा एकमेकींशेजारून जातील इतका रुंद आणि पुरुषभर खोल. आजूबाजूच्या रानांतून जमिनीखालून दगडी मोऱ्या काढून त्या चराला जोडल्या. रानाचं पाणी मोऱ्यांतून चरात आणि चरातून नदीत जाऊ लागलं. जमीन उघडी पडली. जिथं म्हशी रुतत होत्या तिथं पानमळे उभे राहिले.

चर नदीला मिळतो तिथं ते दार. म्हणजे दोन दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवायच्या जांभळाच्या पाच फळ्या. पावसाच्या तोंडाला फळ्या काढायच्या, दिवाळी झाली की बसवायच्या. म्हणजे गुरांना पाणी राहतं आणि रानंही घुसमटत नाहीत. उजव्या खांबावर हातभर लांबीचा मासा कोरलेला आहे. पाच फळ्या बसल्या की पाणी माशाच्या पोटाखाली चार बोटं येऊन थांबतं. मासा बुडाला तर पाणी चढलं असं समजायचं. गावात एवढं एकच माप होतं, आणि ते मौलाच्या घराण्याच्या हातात होतं. चार पिढ्या ते दार सांभाळत आले. त्यांना गावात दारवालेच म्हणायचे. पाण्याकडं दुसऱ्या कुणी बघायचं कारणच नव्हतं.

त्या घरात आता मौला एकटा होता. बायको शमशाद हिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा वसीम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, तिकडंच राहायचा. बापाला तिकडं ने म्हणून त्यानं पुष्कळ सांगून पाहिलं, पण मौला दार सोडून गेला नाही. मग शमशादच्या बरसीच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या फातिह्यानंतर वसीमनं एक युक्ती केली. चरातलं केंदाळ काढायची जुनी नाव होती, तिला त्यानं निळा रंग दिला, आत बसायला आडव्या पाट्या ठोकल्या आणि रस्त्याला फलक लावला: नौकाविहार, फक्त रविवारी.

मौला पहिल्यांदा हसलाच होता. "आरं, गाळाच्या चरात कोन पावणं येनार फिरायला?"

पण आली. कारखान्यातली पोरं आली, कोल्हापूरच्या शाहूपुरीतली दुकानदार मंडळी बायकापोरांसकट आली. कोल्हापुरात रंकाळा तलाव असताना ही इकडं कशाला येतात, हे मौलाला कळायचं नाही. पण नाव एकदा लव्हाळ्याच्या दोन भिंतींमधून निघाली की बोलणारी माणसं गप्प व्हायची. डोक्यावर वडाच्या फांद्या, वळणावर खंड्या, पाण्यावर हिरवी साय. मौला मागं उभा राहून बांबूनं तळ रेटायचा. नाव पुढं सरकायची. मग कुणी तरी विचारायचं, हा चर कुणी खणला, आणि मौला सांगत सुटायचा. दाराशी आलं की मासा दाखवायचा. "ह्यो आमचा मालक," म्हणायचा. बाया माशाला हात लावायच्या, पोरं भडंग खात त्याला भडंग देऊ करायची. सहा दिवस ज्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता तो माणूस सातव्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलायचा.

पाण्यावर फिरणं गुढीपाडव्यापर्यंतच. त्यानंतर पाणी आटायचं. नाव काठावर पालथी पडायची आणि मौला तिच्या शेजारी बसून पावसाळ्याची नाही, दिवाळीची वाट बघायचा.

ह्या वर्षी पाडव्यापर्यंतही धड निभेल असं दिसेना. दोन महापुरांनी चरात गाळ आणून टाकला होता. पूर्वी संक्रांत झाली की घरटी एक माणूस खोरं घेऊन यायचा आणि दोन दिवसांत गाळ निघायचा. आता तरणी माणसं शिफ्टला. तीन वर्षं कुणी आलं नव्हतं. मौलानं ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून पुकारा करायला लावला. ठरल्या दिवशी सकाळी आला फक्त ईराप्पा.

ईराप्पाचा पानमळा चराच्या वरच्या टोकाला, सगळ्यात खोलगट जागी. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून चर ओलांडलेले.

"काय गा मौल्या, एवढंच व्हय तुझं लष्कर?" ईराप्पा खोरं टेकवून म्हणाला.

"तू एक आलास न्हवं? बास झालं की."

"तुझी नाव अडकली तर शाहूपुरीच्या बाया मला शिव्या घालतील, म्हणून आलो. न्हायतर मला काय पडलंय?"

दोन म्हाताऱ्यांनी दुपारपर्यंत गाळ उपसला. दोन नावांएवढीसुद्धा जागा खोल झाली नाही. मग काठावर बसून दोघांनी ईराप्पाची भाकरी खाल्ली. ईराप्पाची बायको मल्लव्वा हिनं शेंगदाण्याची चटणी दोघांची म्हणूनच बांधून दिली होती. ईराप्पा मळ्याबद्दल बोलत राहिला. यंदा वेल कसा तेजावर आहे, पान कसं तळहाताएवढं उतरतंय, नवी सून शिवलीला खुडायला बसली तर जुन्या बायांना कशी मागं टाकते. "निपाणीची पोरगी, कॉलेज शिकल्याली. मला वाटलं हुतं, पानाला हात लावायची न्हाय. पण हात लई हलका हाय बघ तिचा."

त्याच रविवारी नाव अडकली. शाहूपुरीतलं एक कुटुंब होतं, बरोबर थकलेली आजी. मधल्या वळणावर नाव गाळावर बसली ती हलेना. माणसं मांडीभर चिखलात उतरली, आजीला उचलून काठावर आणावं लागलं. कुणी रागावलं नाही. उलट हसली. पण जाताना त्यातला एकजण म्हणाला, "मामा, आता दिवाळीनंतरच येऊ मग." मौला त्यांची गाडी लांब जाईपर्यंत बघत राहिला. माघ लागला होता. दिवाळी केवढी लांब.

दुसऱ्या दिवशी त्यानं शमशादचा पलंग सोडवला. ती गेल्यापासून तो भिंतीला उभाच होता. त्याची बाजूची फळी सागवानी, वीतभर रुंदीची. दोन्ही टोकं तासून त्यानं ती पाच फळ्यांवर खाचांत बसते का बघितली. बसली. गाळ काढायला गाव लागतं, फळी टाकायला तो एकटा पुरे होता. चार दिवसांत पाणी चढलं, नाव हलकी झाली. मासा मात्र बुडाला. पाण्यातून त्याची शेपटी तेवढी पिवळसर दिसायची, नंतर तीही दिसेना.

वीतभर पाण्यानं काय होतंय, असं मौला स्वतःला म्हणाला. दोन महिन्यांचा तर प्रश्न. रंगपंचमी झाली की काढून टाकू.

पुढच्या रविवारी शिवलीला आली. तिची धाकटी बहीण निपाणीहून राहायला आली होती, तिला पाण्यावर फिरवायचं होतं. लग्नानंतर आठ दिवसांनी शिवलीला आणि तिचा नवरा संगमेश एकदा नावेत बसले होते, तेव्हा तिनं माशाच्या डोळ्यावर हळदीकुंकू लावलं होतं. आता दाराशी आल्यावर ती वाकून खांबाकडं बघू लागली.

"काका, मासा कुठं हाय?"

"कंचा मासा?"

"अहो, ह्या दगडावरचा की. मागल्या खेपेला मी कुंकू लावलं न्हवं?"

मौलानं बांबू रेटला. नाव वळवली. "पोहायला गेलाय," तो म्हणाला. "माशानं दुसरं काय करायचं?"

दोघी बहिणी खळखळून हसल्या. मौलाही हसला. ते हसू नंतर त्याला कधी विसरता आलं नाही.

फाल्गुनात ईराप्पाच्या मळ्यात खालच्या वाफ्यातले वेल पिवळे पडायला लागले. आधी चार, मग ओळच्या ओळ. पान हातात घेतलं की देठापासून गळून यायचं. ईराप्पानं औषध मारलं, राख टाकली, जाणत्या माणसाला आणून दाखवलं. त्यानं सांगितलं, रोग आहे, सगळीकडं आहे. पाण्याचा विचार ईराप्पाच्या मनात आला नाही. वरची माती नेहमीसारखी भुसभुशीत होती. खालच्या मोऱ्या त्याच्या आज्यानं बांधलेल्या आणि त्यांचं तोंड जिथं उघडतं तो चर मौलाच्या ताब्यातला. तिकडं बघायचं काय होतं?

पण मल्लव्वानं बघायचं ते बघून ठेवलं होतं.

पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही. ईराप्पा सकाळी मळ्याच्या तोंडाशी चप्पल काढून, मातीला हात लावून तो हात कपाळाला लावायचा आणि मग आत जायचा. देव्हाऱ्यात जावं तसं. आणि महिन्यापूर्वी मल्लव्वाला न्हाणीत चक्कर आली, ती पडली, तेव्हा घाबरलेली शिवलीला सासऱ्याला बोलवायला धावत मळ्यात शिरली होती. पायांत चपला होत्या. मधल्या वाटेनं ती खालच्या वाफ्यापर्यंत गेली होती. वेल पिवळे पडले तेही तिथूनच.

"माझ्यापायीच गेली ती," मल्लव्वा मौलापाशी रडली होती. "पर भाऊ, चप्पल काढायला किती येळ लागतो वं? मी मेले असते तर मेले असते. मळा तर ऱ्हायला असता."

मौला नळावर पाणी भरत होता. बादली भरून वाहायला लागली तरी त्यानं नळ बंद केला नाही. "वहिनी, रोग हाय म्हनतात की," तो म्हणाला.

"रोग असा पावलं धरून चालत येतो व्हय?"

तेव्हाच त्याला कळलं होतं. चरात चढलेलं पाणी मोऱ्यांतून उलटं मळ्याच्या मुळांशी शिरलं होतं. त्या दुपारी तो दारापाशी गेला आणि सहाव्या फळीला हात घातला. मग त्याला आठवलं, रविवारी एका शाळेची मुलं येणार आहेत. बाईंनी दोनदा फोन करून विचारलं होतं. मुलं होऊन जाऊ देत, सोमवारी काढू. मुलं आली, गाणी म्हणत गेली. सोमवारी त्याच्या मनात आलं, आता एकाएकी पाणी वीतभर खाली गेलं तर काठावर ओली रेघ दिसेल. लोक विचारतील, पाणी एवढं वर कशानं होतं? रेघ दिसू नये म्हणून हळूहळू उतरवायचं तर फळीला भोकं पाडावी लागतील. असं करता करता आठवडा गेला, दुसरा गेला. तोवर अर्धा मळा झोपला होता. आता काढून तरी काय, असं वाटायला लागलं. माणूस खड्ड्यात उतरताना एकेक पायरी किती सोपी असते, ते मौलाला त्या महिन्यात कळलं.

पाडव्यानंतर एका सकाळी शिवलीला एसटीच्या थांब्यावर उभी दिसली. हातात एकच पिशवी. संगमेश तिला सोडायला आला होता, पण दोन हात लांब उभा राहून मोबाईलमध्ये बघत होता.

"निघालीस व्हय बाळ?" मौलानं विचारलं.

"चार दिवस जाऊन येते, काका. अत्ती म्हणाल्या, जरा मन रमंल." माहेरच्या कानडी वळणानं ती सासूला अत्ती आणि सासऱ्याला मावा म्हणायची.

तिच्या पायांत चपला नव्हत्या. वैशाख तोंडावर आलेला, रस्ता तापलेला, आणि पोरगी अनवाणी उभी होती. मौलानं तिच्या पायांकडं बघितलं आणि तिनं ते बघितलं. एसटी आली, गेली. चार दिवसांचे चाळीस झाले.

वैशाखात ईराप्पानं निरोप धाडला, मळा मोडायचाय, हाताला ये. मौला कुदळ घेऊन नावेनंच गेला. पानमळ्यात शिरलं की जो गार काळोख अंगावर यायचा तो उरला नव्हता. शेवग्याची झाडं उभी होती, त्यांच्यावर वाळलेले वेल फाटक्या दोऱ्यांसारखे लोंबत होते. दोघांनी तोंडाशी चपला काढल्या. ईराप्पानं मातीला हात लावून कपाळाला लावला. मेलेल्या मळ्यालाही.

खालच्या वाफ्यात पहिलाच वेल खणायला घेतला. ईराप्पानं चार घाव घातले आणि थांबला. खड्ड्यात बाजूंनी पाणी झिरपत होतं. बघता बघता तळाशी ओंजळभर साचलं. मुळं हातात घेतली तर काळी, कुजकी, घाण वास येणारी.

"हितं पाणी?" ईराप्पा पुटपुटला. "वैशाखात?"

तो कितीतरी वेळ त्या पाण्याकडं बघत राहिला. मग त्यानं वर मौलाकडं बघितलं, आणि लगेच नजर फिरवली. जणू आपल्या मनात आलं त्याचीच त्याला लाज वाटली.

"मळा रडतोय बघ," तो म्हणाला. "खान फुडं."

मौलानं कुदळ खाली ठेवली.

"ईराप्पा, चल."

"कुटं?"

"नावंत बस चल माझ्या."

"येडा झालास काय गा? काम टाकून नावंत काय बसायचं?"

"चल म्हनतो न्हवं. एकदा बस."

ईराप्पा त्या नावेत कधीच बसला नव्हता. ती शहरच्या लोकांची मौज, असं म्हणायचा. आज तो बसला, पुढच्या पाटीवर, मौलाकडं पाठ करून. मौलानं बांबू रेटला. दीड मैल जायचं होतं. लव्हाळ्यात पाणकोंबड्या पळाल्या. वळणावर, जिथं दोघांनी गाळ उपसला होता, तिथून नाव कुठंही न घासता सरळ निघून गेली. ईराप्पानं वाकून पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत. तळ लागला नाही. त्यानं हात बाहेर काढला आणि तो ओला हात मांडीवर ठेवून तसाच बसला. मौलाला त्याची पाठ दिसत होती. पाठ हळूहळू वाकत गेली.

दाराशी नाव थांबली. मौलानं सदऱ्याची बाही वर सारली, खांबाला चाचपत पाण्यात हात घातला आणि ईराप्पाचा हात धरून तिथं नेला. दगडावरचा मासा बोटांना लागला. डोळा, कल्ले, पाठीचे खवले. सगळा पाण्याखाली.

"कवापासनं?" ईराप्पानं विचारलं.

"संक्रांत झाल्यावर. आपुन गाळ काढला त्येच्या मागनं."

"का?"

मौलाला पुष्कळ सांगायचं होतं. सहा दिवस कसे जातात, पलंग भिंतीला उभा कसा दिसतो, पोरांची गाणी कशी वाटतात. पण त्या पाण्याकडं बघताना त्यातलं काहीच सांगण्यासारखं वाटेना.

"मानसं येत हुती," तो म्हणाला.

ईराप्पा ओरडला नाही. मारायला उठला असता तर मौलानं डोकं पुढं केलं असतं. तो फक्त उठला, दगडावर उतरला, धोतर खोचलं आणि म्हणाला, "धर त्या बाजूनं."

फळी फुगून खाचांत घट्ट बसली होती. एकट्या मौलाला ती निघाली नसतीच. दोघांनी दोन टोकांनी हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला ती कर्र आवाज करत वर आली आणि पाणी उसळून नदीकडं धावलं. दोघं दगडावर बसून बघत राहिले. दुपार कलेपर्यंत मासा बाहेर आला. अंगावर शेवाळ, तोंडात चिखल. ईराप्पानं डोक्याचा रुमाल काढला आणि मासा पुसून घेतला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा.

"पान गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "पोरीला आणाय कोन जायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं निपाणीला गेले. शिवलीलाच्या वडिलांनी बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा दिला. शिवलीला शाळेतून आली. ती जवळच्या एका शाळेत सुट्टीतल्या जादा तासांना शिकवायला जायला लागली होती. पायांत चपला होत्या, दाराशी काढून ती आत आली. मौला उठून उभा राहिला. बसूनच सांगणं त्याला जमलं नसतं. फळी, मासा, मोऱ्या, सगळं त्यानं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझं पाऊल निर्मळ हुतं बाळ. घान माझ्या हातात हुती."

शिवलीलाला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मला ठाऊक हाय, काका."

"आं?"

"हितं आल्यावर आठ दिवसांनी ध्यानात आलं. मासा दिसला नव्हता न्हवं आपल्याला. मी ह्यांना फोन केला. म्हणलं, चराचं पाणी चढलंय वाटतं, एकदा दारावर जाऊन बघा." ती थांबली. सासऱ्याकडं तिनं बघितलं नाही. "तर फोनवर पलीकडनं कुणीतरी म्हणालं, सांग तिला, आपली चूक मौलाच्या दारात टाकू नको म्हणावं."

चहाच्या कपांवर माशा बसत होत्या.

"मीच म्हनालो," ईराप्पा म्हणाला. आवाज असा की ऐकायला वाकावं लागलं. "शेजारीच बसलोतो मी संगमेशच्या. मीच म्हनालो."

मौलानं भिंतीला हात टेकला. आपल्यापायी मळा गेला, एवढंच ओझं घेऊन तो आला होता. आपल्या नावानं ह्या पोरीचं तोंडही बंद केलं गेलं, हे त्याला नवीन होतं.

"चल बाळ घरला," ईराप्पा म्हणाला. "मी सासरा म्हणून हात जोडतो. तुझी अत्ती जेवंना झालीया. दाराशी उभी ऱ्हाऊन तुझे पाय धुनार म्हनती."

शिवलीलानं त्याचे जोडलेले हात खाली केले. "नका, मावा. तुमी हात जोडू नका." तिचे डोळे भरले होते पण आवाज सरळ होता. "माझा राग न्हाय कुणावर. पण मळा वाळला तर माझं पाऊल दिसलं. आता चूक काकांची निघाली म्हणून माझं पाऊल चांगलं झालं. उद्या गाय आटली, कुणी आजारी पडलं, मग? परत सगळी माझ्या पायाकडंच बघणार की. आणि हे?" ती नवऱ्याबद्दल बोलत होती. "हे तवा मोबाईलमधीच बघत बसणार."

"संगमेशला मी सांगतो."

"त्यांना येऊ दे. त्यांचं त्यांना कळलं तर येतील. तुमी आणायला येऊन काय उपेग?"

तिनं दोघांसाठी डब्यात भाकरी बांधून दिली. मौलाच्या पाया पडायला वाकली तेव्हा तो मागं सरकला. "माझ्या नको," म्हणाला. "माझ्या नको, बाळ."

परतीच्या एसटीत दोघं एकाच बाकावर बसले होते. भाकरी कुणी सोडली नाही.

त्यानंतर संगमेश निपाणीला गेला, की गेला नाही, की जाऊन एकटाच परत आला, ह्याबद्दल गावात वेगवेगळं बोललं जातं. ज्येष्ठ लागला तरी शिवलीला लव्हाळवाडीत आली नव्हती, एवढं खरं. मल्लव्वानं मळ्याच्या तोंडाशी चपला काढायचं सोडलं. आत होतंच काय आता? तण वाढलेलं, त्यात म्हैस बांधलेली.

नाव वळणावर गाळात बसली आहे. निळा रंग उन्हानं भेगाळला. रविवारी अजून एखादी गाडी येते, फलक वाचून माणसं उतरतात, चराच्या तळाशी पावलाएवढं पाणी बघून विचारतात, "काय मामा, बंद का?"

"बंद," मौला म्हणतो. फलक काढायला वसीम अजून आला नाही. शमशादच्या पलंगाची फळी परसात पडली आहे, काळी पडलेली, दोन्ही टोकांना खाचांचे वळ उमटलेले. ती जाळायला हात होत नाही आणि घरात आणायलाही होत नाही.

सकाळी ईराप्पा म्हैस घेऊन नदीवर जातो. पूर्वी तो दारापाशी बसायचा. तंबाखू मळता मळता मौलाची टर उडवायचा. चरात किती पाणी आहे ते त्यानं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. आता त्याच्याकडं चराच्या पाण्यावर अवलंबून असं काही राहिलेलं नाही. वेल नाही, वाफा नाही. तरी तो रोज खांबापाशी थांबतो. वाकून मासा बघतो. कोरडा आहे का बघतो. माशावर हात फिरवून तो हात कोरडा आहे का तेही बघतो.

मौला दुसऱ्या खांबापाशी उभा असतो. म्हणायचं असतं, कोरडा हाय गा, मी हाय न्हवं बघायला.

ते त्याला म्हणता येत नाही. ईराप्पा म्हशीच्या पाठीवर थाप मारतो आणि नदीकडं उतरतो.